इंग्रजी साहित्यात बीए करताय? अभ्यासाचं नियोजन करताना या चुका टाळा

इंग्रजी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून घेतलेल्या मुलांची तारांबळ बहुधा सेमिस्टरच्या शेवटच्या महिन्यात उडते. परीक्षेचं वेळापत्रक लागतं, कादंबरी अर्धीही झालेली नसते आणि हातात गाईड येतं. यात बुद्धीचा दोष फार कमी वेळा असतो. वाचायला किती तास लागतील हे जूनमध्येच मोजलेलं नसतं, खरी अडचण तिथे आहे.

पेपरच्या नावावर भुलणं

‘इंडियन रायटिंग इन इंग्लिश’ हे नाव दोन विद्यापीठांत सारखं असलं, तरी एकीकडे चार कथा आणि सहा कविता असतील, दुसरीकडे जाडजूड कादंबरी. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा सिलॅबस उतरवून घ्या आणि युनिटनुसार नेमलेली टेक्स्ट्स वहीत लिहा. सिलॅबस कोणत्या वर्षाचा आहे तेही बघा. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू होऊ लागला. त्यामुळे सीनियरच्या नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका तुमच्या पेपरशी जुळतीलच असं नाही.

वाचनाचे तास न मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास. पण हे वर्गातले तास झाले. घरी बसून टेक्स्ट वाचण्याचा वेळ वेगळा काढावा लागतो. एक प्रकरण घड्याळ लावून वाचा आणि आपला वेग ठरवा. समजा तासाला २० पानं होतात. मग ४०० पानांच्या कादंबरीला २० तास लागणार, रोज एक तास दिला तर जवळजवळ तीन आठवडे. अशी आणखी एक कादंबरी दुसऱ्या पेपरला असली, तर सेमिस्टर सुरू झाल्यावर हे गणित बसत नाही. मोठी कादंबरी मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत वाचून टाकावी. वर्गात ती शिकवतील तेव्हा तुमचं दुसरं वाचन सुरू असेल, आणि परीक्षेत लिहिण्याजोगं जे सुचतं ते बहुतेक त्या दुसऱ्या वाचनातच.

कवितेच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. सॉनेट चौदा ओळींचं, म्हणून ते परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकललं जातं. कविता थोड्या थोड्या दिवसांनी तीन-चारदा मोठ्याने वाचली, तरच तिची लय आणि शब्दांची निवड लक्षात येते. नाटक वाचताना प्रयोगाचं चित्रीकरण मिळालं तर संहिता समोर ठेवून बघा.

काळाचा धागा सोडणं

सेमिस्टरमुळे साहित्याचे तुकडे होतात आणि ते जोडून कुणी देत नाही. शेक्सपिअरच्या नाटकानंतर एकदम रेस्टोरेशन कॉमेडी समोर आली की सगळं जगच बदललेलं वाटतं. मध्ये काय घडलं ते माहीत असेल तर कोडं सुटतं: १६४२ मध्ये लंडनची नाट्यगृहं बंद करण्यात आली आणि १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर (हेच ते रेस्टोरेशन) ती पुन्हा उघडली. पूर्वी स्त्रीभूमिका मुलगे करत. आता व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया आल्या.

टीकाशास्त्राचं तेच. वर्डस्वर्थची १८०० सालची ‘लिरिकल बॅलड्स’ची प्रस्तावना क्रिटिसिझमच्या पेपरला असते, त्याच्या कविता दुसऱ्याच पेपरला, आणि ज्या अलंकृत काव्यभाषेला तो विरोध करतो ती अठराव्या शतकातली कविता कदाचित सिलॅबसमध्ये नसतेच. त्या काळातली एक-दोन पानं कविता आपणहून वाचा. त्याचा विरोध कशाला होता ते कळलं की प्रस्तावना पाठ करावी लागणार नाही.

मायनर सोयीने निवडणं

मैत्रीण आहे, तास दुपारी सुटतात, पेपर सोपा म्हणतात, या कारणांवर मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय ठरवू नका. इतिहास आणि तत्त्वज्ञान साहित्याला थेट उपयोगी पडतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी मराठी मायनरचा गंभीरपणे विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणलं. ते मुळाशेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी कुठल्याही गाईडच्या पुढे जातो. बीएड करायचं असेल, तर तुमचं मायनर शाळेत शिकवला जाणारा विषय आहे का, हे आधी तपासा.

चौथ्या वर्षाचा विचार उशिरा करणं

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. टीवायला जाग येऊन उपयोग नाही, एफवायचे गुणही त्यात धरले जातात.

प्रोजेक्टचा विषय अवाढव्य घेणं

‘भारतीय इंग्रजी साहित्यातील स्त्री’ हा विषय एका पुस्तकातही मावणार नाही, मग एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये कसा मावेल? अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहातल्या ‘द प्रीस्ट’ आणि ‘द प्रीस्ट्स सन’ या दोनच कविता घ्या आणि त्यांत पुजारी कसा दिसतो ते बघा. प्रत्येक ओळ तपासता येते, जेजुरीला जाऊनही येता येतं.

आधीच अडकला असाल तर

चार आठवडे उरलेत आणि काहीच वाचलेलं नाही? सगळ्या पेपरांचे सारांश वाचत सुटू नका. कविता आणि एकांकिका आधी पूर्ण करा, त्या मुळातून वाचायला वेळ उरलेला असतो. मग कादंबरी. ती संपणार नसेल तर शिक्षकांना स्पष्ट सांगा आणि कोणती प्रकरणं अगदी मुळातून वाचायलाच हवीत हे विचारा. मधला भाग सारांशावर भागवा. इंटर्नलची तारीख चुकली असेल तर निकालाची वाट न बघता विभागात जाऊन भेटा. केटी लागलीच, तर त्या पेपरची टेक्स्ट्स पुढच्या सेमिस्टरच्या तासांच्या हिशेबात पहिल्या आठवड्यापासून धरा.