घरचा स्ट्रॉबेरी जॅम बिघडतो कुठे? या चुका टाळा

फेब्रुवारी उलटला की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी उतरत्या भावाने मिळू लागते. 'ही घ्या, जॅमला चालतील' म्हणत गाडीवाला तळाची मऊ पडलेली फळं पिशवीत भरतो आणि पहिली चूक तिथेच होते. जॅम आळतो तो फळातल्या पेक्टिन या घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे. फळ जास्त पिकलं की ते कमी होतं आणि स्ट्रॉबेरीत तर मुळातच बेताचं असतं. म्हणून किलोमागे पाव किलो तरी देठाशी पांढरट, करकरीत फळं हवीत.

दुसरी चूक तब्येतीच्या नावाखाली होते: साखर निम्म्यावर आणली जाते. पण तयार जॅममध्ये साखरेचा वाटा साधारण ६५ टक्के असावा लागतो, कारण फळातलं पाणी तीच धरून ठेवते. किलोभर फळाला ७०० ते ८०० ग्रॅम साखर लागतेच. कमी गोड हवं असेल तर खुशाल कॉम्पोट, म्हणजे थोड्या साखरेत शिजवलेली फळं, करा. १५०-२०० ग्रॅम साखर, दहा मिनिटं शिजवणं, संपलं काम. मात्र ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि आठवड्यात संपवायचं. कॉम्पोटला जॅम समजून कपाटात ठेवलं तर फसफसणारच.

'आंबट होईल' म्हणून लिंबू टाळणारेही बरेच. दोन लिंबांच्या रसाने जॅम आंबट होत नाही. आंबटपणा नसेल तर पेक्टिन नीट धरत नाही, आणि महिन्याभराने बाटलीत साखरेचे खडे दिसू लागतात ते वेगळंच.

आता खरी गोम. साखरांबा-मोरांबा करणारा हात सवयीने पाकाची तार बघतो. जॅममध्ये हीच सवय नडते. जॅम गार होताना आळतो, त्यामुळे गॅसवर असताना तो थोडा पातळच दिसला पाहिजे. कढईतच घट्ट दिसेपर्यंत आटवला, की दुसऱ्या दिवशी चमचा वाकतो! त्यापेक्षा एक छोटी ताटली आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. गॅस बंद करून (हे विसरू नका, नाहीतर तपासेपर्यंत जॅम पुढे शिजत राहतो) अर्धा चमचा जॅम ताटलीवर टाका. मिनिटभराने बोटाने ढकला. वर बारीक सुरकुती पडली आणि बोटाची वाट लगेच बुजली नाही, तर झाला. पाण्यासारखा ओघळला तर आणखी दोन मिनिटं उकळून पुन्हा बघा.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. जॅम झाल्याची खूण म्हणून सांगितला जाणारा १०५ अंश हा आकडा समुद्रसपाटीचा, मुंबईला ठीक. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला त्याहूनही कमी. तेव्हा आधी साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू मोजा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवा.

एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त फळ घेऊ नका. मोठा घाणा तासन् तास शिजतो, त्यात पेक्टिन मोडतं आणि लाल रंग तपकिरी होतो. भांडं पसरट, जाड बुडाचं, स्टीलचं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई या आंबट फळाला नको.

बिघडलेलं बरंचसं सुधारतं. पातळ राहिला तर एका लिंबाचा रस घालून चार-पाच मिनिटं खळखळून उकळा, पण हे एकदाच. दगड झाला तर चमचा-चमचा गरम पाणी घालत मंद आचेवर सैल करा. खडे धरले तर थोडं पाणी आणि लिंबाचा रस घालून विरघळवा. फोडी वर तरंगत असतील तर पुढच्या वेळी जॅम दहा मिनिटं थांबून, ढवळून मग भरा.

बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरड्या करा आणि त्या गरम असतानाच जॅम गळ्यापर्यंत भरा. गार काचेत उकळता जॅम ओतला तर बाटली तडकते. नंतर ओला किंवा पोळीचा तुकडा चिकटलेला चमचा आत गेला, की बुरशी आलीच. अशी बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेला खाऊ नका. सगळी बाटली टाकून द्या.