नजर एकीकडे, लक्ष दुसरीकडे: मध्यमेंदूवरचा प्रकल्प करताना या चुका टाळा

खासबागेत कुस्ती लागली की मल्लाची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर असते, पण लक्ष पटाकडे झेपावणाऱ्या हातावर. नजर न हलवता लक्ष हलवणं ते हेच. कोल्हापूरच्या कॉलेजांत मानसशास्त्राचा किंवा प्राणिशास्त्राचा प्रकल्प म्हणून हा विषय घेतला की बहुतेक घोळ इथेच होतात: नजर आणि लक्ष एकच धरलं जातं.

आधी आकृतीतले घोळ. नजर आणि लक्ष या दोन्हींत हात असलेला, या प्रकल्पाचा मुख्य भाग म्हणजे सुपीरियर कॉलिक्युलस (पुढे नुसतं कॉलिक्युलस): मध्यमेंदूच्या छतावरचे वाटाण्याएवढे दोन उंचवटे. त्यांच्या खालची जोडी, इन्फीरियर कॉलिक्युलस, आवाजाचं काम बघते. पल्विनार हा शेजारचा भाग मध्यमेंदूत दाखवू नका, तो मध्यमेंदूच्या वरच्या थॅलॅमसचा भाग आहे. सब्स्टँशिया नायग्रा मात्र मध्यमेंदूतलीच. तिच्या रेटिक्युलाटा भागातून कॉलिक्युलसवर सतत ब्रेक दाबलेला असतो आणि नजर उडी घेण्याच्या, म्हणजे सॅकेडच्या, आधी तो क्षणभर सुटतो. आणखी एक हमखास चूक म्हणजे डाव्या डोळ्यापासून डाव्या कॉलिक्युलसपर्यंत एकच बाण काढणं. डावा कॉलिक्युलस डावा डोळा बघत नाही, तो उजवीकडचं अर्धं दृश्य बघतो. त्याच्या पुढच्या टोकाशी नजरेचा मध्य आणि मागच्या टोकाकडे कडेचं दृश्य, असा नकाशाच तिथे मांडलेला असतो.

‘कॉलिक्युलस फक्त डोळे हलवतो’ हे वाक्य जुन्या नोट्समधून उतरत आलंय. 1972 मध्येच गोल्डबर्ग आणि वुर्ट्झ यांनी दाखवलं होतं, की माकडाला ज्या ठिपक्याकडे नजर वळवायची असते, त्याच ठिपक्याला तिथल्या वरच्या थरातल्या पेशी अधिक जोमाने प्रतिसाद देतात. तरी शंका उरत होती, की ही डोळ्यांचीच तयारी नसेल कशावरून? 2010 मध्ये लव्हजॉय आणि क्राउझलिस यांनी माकडांच्या कॉलिक्युलसचा एक भाग औषधाने तात्पुरता बंद केला. नजर मध्यभागी स्थिर होती, तरीही बंद भागाच्या वाट्याच्या दृश्यात खूण करून दाखवलेली हालचाल ओळखणं माकडांना जड गेलं आणि दुसरीकडची फसवी हालचाल निर्णयात घुसू लागली. 2012 मध्ये झेनॉन आणि क्राउझलिस यांना तर याहून चक्रावणारी गोष्ट दिसली. कॉलिक्युलस बंद असताना लक्ष ढासळलं, पण एमटी आणि एमएसटी या दृश्य-कॉर्टेक्सच्या भागांतल्या पेशींवरचा लक्षाचा परिणाम शाबूत होता. म्हणून ‘कॉर्टेक्समधली पेशी जोरात बोलली, म्हणजे लक्ष गेलं’ हे समीकरण सरसकट वापरू नका. उलट टोकाला जाऊन कॉलिक्युलसला लक्षाचा एकमेव मालकही करू नका. कॉर्टेक्सच्या पुढच्या भागातलं फ्रंटल आय फील्ड आणि पॅरायटल कॉर्टेक्सही या कामात आहेत.

आता प्रत्यक्ष प्रयोग. कॉलेजात माकड नसतं, लॅपटॉप असतो, म्हणून बहुतेक जण मानसशास्त्रज्ञ पॉस्नर यांचा क्यू-टार्गेट प्रयोग करतात: आधी एका बाजूची खूण (क्यू) दाखवायची, मग टार्गेट दिसताच बटण दाबायला लावून वेळ मोजायची.

डोळा ते स्क्रीन अंतर 57 सेंमी ठेवा, म्हणजे स्क्रीनवरचा 1 सेंमी साधारण 1 अंश भरतो. टेबलावर टेप चिकटवून उपयोग नाही, कारण माणूस पुढे सरकतोच. स्क्रीनच्या कडेला 57 सेंमीची सुतळी बांधा आणि दर वीस फेऱ्यांनी तिचं टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी येतंय का ते बघा. खिडकी एकाच बाजूला असेल तर पडदा लावा, आणि तो पंख्याने हलणार नाही हेही बघा. हलणारा पडदा हाच फुकटचा क्यू होतो आणि सगळे आकडे एका बाजूला झुकतात.

60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. तुम्ही 40 लिहिलंत तरी दिसणार 33 किंवा 50. वेळ फ्रेममध्येच ठरवा. कीबोर्ड वायरचा घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ क्यू आणि टार्गेटमधल्या अंतराने होतो. कडेला चमकणारा क्यू दिला आणि 100 मिलिसेकंदांनी टार्गेट आलं, तर त्या बाजूचा प्रतिसाद जलद येतो. अंतर 300 च्या पुढे गेलं की तीच बाजू मंदावते. मुलं हे बघून घाबरतात, कॉलम उलटे झाले समजून अदलाबदल करतात. कॉलम बरोबर असतात. याला इन्हिबिशन ऑफ रिटर्न, म्हणजे लक्ष त्याच जागी परतायला होणारा अटकाव, म्हणतात, आणि त्यात कॉलिक्युलसचा हात असल्याचे पुरावे आहेत. मधोमध बाण दाखवून लक्ष वळवायचं असेल तर मात्र 300 मिलिसेकंद तरी द्या.

सॅकेड सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. क्यूपासून टार्गेट विझेपर्यंतचा वेळ त्यापेक्षा जास्त असेल तर डोळा पळालेला असू शकतो. सेकंदाला 30 फ्रेमचा वेबकॅम 8 अंशांची उडी पकडेल, मायक्रोसॅकेड, म्हणजे नजर रोखलेली असतानाच्या अगदी बारीक उड्या, नाही. तेव्हा अहवालात ‘नजर पूर्ण स्थिर होती’ असं न लिहिता ‘मोठ्या उड्या असलेल्या फेऱ्या वगळल्या’ असं लिहा. दहातल्या एक-दोन फेऱ्या टार्गेटशिवाय ठेवा, अंदाजाने बटण दाबणारे तिथे सापडतात.

आणि निष्कर्षात ‘कॉलिक्युलस सक्रिय झाला’ हे वाक्य नको, बटणाच्या वेळेतून ते दिसत नाही. एमआरआयमध्येसुद्धा 3 मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान ठोकळ्यांत, तो जेमतेम काही ठोकळे व्यापतो, शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या ठोक्यांनी हलतो, आणि वर 8 मिमीचं स्मूदिंग केलं, म्हणजे शेजारच्या ठोकळ्यांची सरासरी घेतली, की शेजाऱ्यांत मिसळूनच जातो.