आउटबोर्ड मोटरची पाण्याची धार बंद झाली असेल तर

मे महिन्यात आम्ही चौघं सोलापूरकर शिडाच्या होडीनं रत्नागिरीहून मालवणकडे निवांत जातो. वारा पडला तरच आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. एरवी ती जुळे सोलापुरात घरी. यंदा पिंपात चालवली तर मागची धारच येईना (मोटर थंड ठेवणारं पाणी आत फिरतंय, हे तीच दाखवते). गोड्या पाण्यानं धुतली, इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) बदलला, नुसता वैताग.

लागू पडलं ते असं. मोटर बंद ठेवून झाकण काढलं. धारेच्या छिद्राला जाणारी बारीक नळी आतून सोडवली. बाहेरून छिद्रात जाड तंगूस फिरवत घातला (तार नको, नळी फाटते). कुंभारमाशीची माती निघाली, आपल्या उन्हात विटेसारखी भाजलेली! नळी फुंकून परत बसवली. पिंपात पाणी घेण्याची जाळी पूर्ण बुडेल इतकं पाणी भरलं, मोटर न्यूट्रलमध्ये सुरू केली. धार आली. आता ठेवताना छिद्रावर चिकटपट्टी लावतो; सुरू करण्याआधी काढायची.