चेनच्या एका कडीला नेलपॉलिश

मोटरसायकलच्या चेनला तेल सोडताना सुरुवात कुठून केली तेच कळत नाही. मग अर्धी चेन दोनदा ओली, उरलेली कोरडीच. यावर उपाय: एका कडीच्या बाहेरच्या पत्तीवर नेलपॉलिशचा ठिपका. लाल असेल तर उत्तम, घरात विचारून घ्या.

यावल-रावेर भागात केळीच्या गाड्यांमागून आलं की चेनवर काळ्या मातीचा थर बसतो. म्हणून आधी सफाई:

१. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून घासा. पेट्रोल नको, ओ-रिंगचं (कड्यांमधल्या बारीक रबरी रिंगचं) रबर खराब होतं.
२. फडक्याने पुसा, वाळू द्या. ठिपका याच वेळी लावा, तेलकट पत्तीवर टिकत नाही.
३. ठिपका खाली आणा. चाक हाताने उलटं फिरवत खालच्या चेनच्या आतल्या बाजूला ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. ठिपका परत आला की थांबा.

हे रात्री करा, म्हणजे तेल मुरतं. सकाळी जास्तीचं पुसलं नाही तर मागच्या रिमवर शिंतोडे उडतात. मी आळस केला होता, पँटसुद्धा गेली.

चेन कुठे घट्ट, कुठे ढिली हेही ठिपक्यावरून मोजता येतं. एकाच जागी फार घट्ट लागली तर मेकॅनिकला तीच कडी दाखवा.

इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन कधीच पुसू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) ओढलं जातं आणि सोबत बोटंही.