आधी काच सुलटी आहे का ते बघा

माझी उमेदीची वर्षं सगळी लोकोशेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनं ठेवायच्या-दुरुस्तीच्या शेडमध्ये गेली. निवृत्तीनंतर नातवाने अमेरिकेच्या यादवी युद्धातले (१८६१–६५) रेल्वेचे फोटो दाखवले आणि पहिल्याच फोटोवर मी फसलो. ड्रायव्हर कुठल्या बाजूला उभा राहायचा यावर तासभर वाद घातला. नंतर कळलं, फोटोच उलटा होता.

म्हणून पहिलं काम हेच. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या ग्रंथालयाच्या संग्रहातून सगळ्यात मोठी टिफ फाइल (बारकावे टिकवणारी चित्राची फाइल) उतरवा. मोबाइलवरच्या चिमुकल्या चित्रात काही हाती लागत नाही. मग इंजिनावरचं नाव वाचा. तेव्हा फोटो काचेवर घेत आणि त्यावरून कागदावर छापत. काच उलटी ठेवून छापली असेल तर अक्षरं आरशातली दिसतात. अक्षरं नसली तर शिपायाच्या कोटाकडे बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. तसं नसेल तर फोटो फिरवून घ्या.

धूर शोधू नका. तेव्हा कलोडियनची (चिकट रसायनाचा थर दिलेली) ओली काच सुकायच्या आत फोटो काढून धुवायची, आणि काचेवर उजेड पडू द्यायचा वेळ कित्येकदा काही सेकंदांचा. म्हणून इंजिन उभंच असतं, वाफेचा नुसता पांढरा पुसट डाग, आणि हललेल्या घोड्याला डोकंच नसतं! त्या काचेला निळा रंग फार लवकर लागे, लाल जवळपास लागतच नसे; म्हणून फोटोत निळं पांढरं पडतं, लाल काळं. आकाश कोरं दिसलं म्हणून मळभ समजू नका, आणि चाकं काळी दिसली म्हणून ती काळीच होती असंही नाही. त्या काळी लाल चाकांची हौस दांडगी होती.

आता रूळ. इथे घाई करू नका, कारण वाकलेला रूळ दिसला की शत्रूने वाकवला असं आपण धरून चालतो. अँड्र्यू रसेल हा न्यूयॉर्कच्या पायदळातला कॅप्टन. १८६३ मध्ये त्याला हर्मन हॉप्टकडे पाठवलं. हॉप्ट उत्तरेच्या सैन्याची रेल्वे बांधणारा, चालवणारा. रूळ उखडायचे कसे, पिळायचे कसे आणि पुन्हा सरळ कसे करायचे याची प्रात्यक्षिकं त्याने लावली, रसेलने ती टिपली आणि ते फोटो लष्करी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वाटले. तेव्हा माणसं नीट उभी आहेत का, हत्यारं मांडून ठेवलीत का, ते बघा. तसं असेल तर तो बहुधा धडा आहे, लढाई नव्हे. आमच्याकडे नव्या पोरांना खोलून ठेवलेला इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा भाग) दाखवायचो, त्यातलाच प्रकार.

भुकटी झालेल्या मालगाड्यांचे ढीग मात्र खरे. अटलांटाजवळ १८६४ मध्ये जॉर्ज बर्नार्डने टिपलेली दारूगोळ्याची गाडी बघा, नुसती चाकं उरलीत.