ड्रग मेटाबॉलिझम शिकताना एकच रेणू धरा: एथिनिल इस्ट्रॅडायॉल

फार्माकॉलॉजीला नव्याने आलेली मुलं मेटाबॉलिझमचा, म्हणजे शरीर औषधाचं रासायनिक रूप कसं बदलतं याचा, धडा उघडला की आधी एन्झाइमांची यादी घोकायला बसतात. परीक्षा झाली की यादी गायब. मी शिकवताना उलट्या बाजूने जाते. एकच औषध घ्या, त्याची रचना स्वतःच्या हाताने कागदावर काढा आणि एकेका जागेवर बोट ठेवून विचारा, इथे शरीर काय करू शकेल? त्यासाठी मी एथिनिल इस्ट्रॅडायॉल निवडते. बहुतेक संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन ते हेच, आणि यकृतातले बरेचसे महत्त्वाचे एन्झाइम त्याच्या वाटेत भेटतात.

पहिलं बोट १७ नंबरच्या कार्बनवर. शरीरात बनणारं इस्ट्रॅडायॉल गिळलं तर जेमतेम ५ टक्के जसंच्या तसं रक्तात पोचतं, कारण आतड्याची भिंत आणि यकृत त्याच जागी ऑक्सिडेशन करून त्याचं इस्ट्रोन करून टाकतात. १९३८ मध्ये शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होल्वेग यांनी त्या कार्बनवर एथिनिल गट (तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन) बसवला. आता तिथे काढून घ्यायला हायड्रोजनच नाही, मग ऑक्सिडेशन होणार कशाचं? बदल एवढासा, पण रक्तात पोचणारा वाटा साधारण ४० टक्क्यांच्या घरात गेला. आजच्या बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ मायक्रोग्रॅमवर भागतं ते त्यामुळेच.

उरलेलं जातं कुठे? पुस्तकातल्या आकृतीत यकृताचा एकच मोठा चौकोन असतो, तो मला कधीच पटला नाही. या रेणूचा बराच भाग यकृताआधी आतड्याच्या भिंतीतच अडतो. तिथे ३ नंबरच्या कार्बनवरच्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटाला सल्फेट चिकटतं. रक्तात मूळ औषधापेक्षा हे सल्फेटच कित्येक पटींनी जास्त सापडतं. यकृतात यूजीटी१ए१ हा एन्झाइम ग्लुकुरोनाइड (साखरेपासून बनलेला गट) जोडतो. हे जोड-रेणू पित्तातून आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू जोड तोडतात आणि सुटलेल्या औषधाचा काही भाग पुन्हा शोषला जातो.

२ नंबरच्या कार्बनवर मुख्य काम सीवायपी३ए४ चं, थोडा हात सीवायपी२सी९ चा; दोघेही ऑक्सिडेशन करणाऱ्या सीवायपी कुटुंबातले एन्झाइम. तिथे ओएच बसतो, मग सीओएमटी हा एन्झाइम त्यावर मिथाइल चढवतो.

हे सगळं प्रयोगशाळेत बघायला मिळालं तर सोडू नका. यकृताचे मायक्रोसोम (पेशी फोडून वेगळे केलेले पटलांचे बारीक तुकडे, सीवायपी एन्झाइम यांतच असतात) उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून काढून बर्फावर वितळू द्यायचे, ७.४ पीएचच्या बफरमध्ये औषधासोबत ३७ अंशांवर ठेवायचे आणि एनएडीपीएच (सीवायपीला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) घालून घड्याळ सुरू करायचं. ठरलेल्या वेळी थंडगार अ‍ॅसिटोनायट्राइल ओतलं की क्रिया तिथेच थांबते. एनएडीपीएच न घातलेली एक नळी शेजारी हवीच. तिच्यातही औषध कमी होताना दिसलं तर त्याचं श्रेय सीवायपीला देऊ नका, हा तेलकट स्वभावाचा रेणू प्लास्टिकला चिकटत असतो. आणि सल्फेट शोधत बसू नका, सल्फेट जोडणारे एन्झाइम पेशीच्या द्रवात असतात, मायक्रोसोममध्ये येतच नाहीत. ग्लुकुरोनाइड हवं असेल तर यूडीपीजीए (तो गट पुरवणारा रेणू) वेगळं घालावं लागतं.

याच प्रयोगात एक गंमत दिसते. औषध आणि एनएडीपीएच आधी थोडा वेळ एकत्र ठेवले, तर सीवायपी३ए४ ची ताकद मिनिटागणिक उतरत जाते. ज्या एथिनिलने १७ नंबरची जागा वाचवली, त्याचंच ऑक्सिडेशन होताना तयार होणारा तापट रेणू एन्झाइमला कायमचा चिकटतो. मात्र गोळीतला डोस इतका कमी असतो की प्रत्यक्ष शरीरात याचा फारसा बाऊ करायचं कारण नाही.

तोंडी परीक्षेत प्रश्न येतात ते औषधांच्या परस्परक्रियांवर. क्षयाचं औषध रिफाम्पिसिन यकृतपेशीतल्या पीएक्सआर या रिसेप्टरला जागं करतं, यकृत जास्त सीवायपी३ए४ बनवतं आणि गोळीतलं इस्ट्रोजेन झपाट्याने संपतं. १९७० च्या दशकात क्षयाचे उपचार घेणाऱ्या, गोळीवर असलेल्या स्त्रियांमध्ये मधेच रक्तस्राव आणि नको असलेली गर्भधारणा दिसली, तेव्हा हे प्रकरण उजेडात आलं. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही अपस्माराची (फिट्सची) औषधं याच वाटेने जातात. रिफाम्पिसिन थांबवलं तरी वाढलेला एन्झाइम लगेच ओसरत नाही, म्हणून पुढचे २८ दिवस गर्भनिरोधाची वेगळी काळजी घ्यायला सांगतात. लॅमोट्रिजिन या अपस्माराच्याच औषधाचा प्रकार मात्र उलटा, आणि मुलं हमखास तिथे अडतात: इथे इस्ट्रोजेनच लॅमोट्रिजिनचं ग्लुकुरोनिडेशन वाढवतं, त्याची रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते आणि गोळी नसलेल्या आठवड्यात परत चढते.

इथवर जमलं की त्याच कागदावर मेस्ट्रॅनॉल काढा. १९६० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीत ते होतं. फरक एकच, ३ नंबरवर ओएचऐवजी ओसीएच३. त्या रूपात ते जवळजवळ निष्क्रिय असतं, सीवायपी२सी९ तो मिथाइल काढतो तेव्हा एथिनिल इस्ट्रॅडायॉल मोकळं होतं. आता पुस्तक न उघडता सांगा: मिथाइल असेपर्यंत आतड्याच्या भिंतीत त्याला सल्फेट चिकटेल का?