मोबाइल ॲपला लॉगिन आणि क्लाउड डेटाबेस: फायरबेस कसं जोडावं

लॉगिन आणि डेटाबेससाठी स्वतःचा सर्व्हर उभारायची गरज नाही. गूगलच्या फायरबेसमध्ये दोन्ही मिळतं. फक्त आधी लॉगिन बसवा, डेटाबेस नंतर. कोणता डेटा कोणाचा, हे लॉगिनवरूनच ठरतं.

फायरबेस कन्सोलमध्ये (फायरबेसचं वेबवरचं नियंत्रण पान) प्रोजेक्ट तयार करा आणि त्यात आपलं अँड्रॉइड ॲप जोडा. पॅकेजचं नाव ॲप्लिकेशन आयडीशी तंतोतंत जुळलं पाहिजे. मिळालेली कॉन्फिग फाइल ॲप मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये टाका आणि ग्रेडलमध्ये (अँड्रॉइड ॲप बिल्ड करणारं साधन) गूगल सर्व्हिसेसचा प्लगइन लावा.

मग ऑथेंटिकेशनमध्ये ईमेल-पासवर्ड सुरू करा. खातं उघडलं की प्रत्येक युजरला एक यूआयडी, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, मिळतो. पुढची सगळी रचना त्याच्यावर उभी करा: डेटाबेसमधल्या ‘यूजर्स’ या कलेक्शनमध्ये (नोंदींचा गट) प्रत्येकाचं एक डॉक्युमेंट (एक नोंद), आणि त्याचा आयडी म्हणजे तोच यूआयडी. ईमेलला आयडी करू नका, तो बदलू शकतो.

आता फायरस्टोअर, म्हणजे फायरबेसमधला क्लाउड डेटाबेस, तयार करा. लोकेशन विचारपूर्वक निवडा, नंतर बदलता येत नाही. टेस्ट मोड मात्र टाळाच. त्यात ३० दिवस कोणीही काहीही वाचू-लिहू शकतं. प्रॉडक्शन मोड घ्या. त्यात सुरुवातीला सगळं बंद असतं, लागेल तेवढंच आपण उघडायचं.

खरं काम इथे आहे, सिक्युरिटी रूल्समध्ये, म्हणजे कोण काय वाचू-लिहू शकतं हे ठरवणाऱ्या नियमांत. कॉन्फिग फाइलमधली एपीआय की (ॲप कोणत्या प्रोजेक्टचं, हे सांगणारी खूण) गुप्त नसते, ॲप उघडून कोणीही ती काढू शकतो. डेटा राखतात ते रूल्स. पहिला रूल असा लिहा: लॉगिन केलेल्याचा यूआयडी आणि डॉक्युमेंटचा आयडी एकच असेल, तरच वाचता-लिहिता येईल. रूल्स चाळणीसारखे काम करत नाहीत. ‘सगळ्या नोंदी दे’ अशी क्वेरी केलीत, तर फक्त तुमच्या नोंदी गाळून मिळत नाहीत, अख्खी क्वेरीच नाकारली जाते. म्हणून क्वेरीतही यूआयडीची अट घाला. पब्लिश करण्याआधी रूल्स प्लेग्राउंडमध्ये (कन्सोलमधली रूल्स तपासायची सोय) दुसऱ्याच यूआयडीने वाचून पाहा. नकार आलाच पाहिजे.

मोफत प्लॅनमध्ये रोज ५०,००० रीड आणि २०,००० राइट मिळतात. क्वेरीतून आलेलं प्रत्येक डॉक्युमेंट एक रीड धरलं जातं, तेव्हा लांब याद्यांना लिमिट लावा.

गूगल साइन-इन ठेवणार असाल, तर एसएचए-१ फिंगरप्रिंटही (ॲपवर सही करणाऱ्या कीची ओळख) फायरबेस कन्सोलमध्ये भरा. प्ले स्टोअर ॲपवर वेगळ्या कीने सही करतं, त्यामुळे प्ले कन्सोलमधला (प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं पान) फिंगरप्रिंटही जोडा. नाहीतर तुमच्या फोनवर चालणारं लॉगिन स्टोअरमधून घेतलेल्या ॲपमध्ये बंद पडेल.